आठवड्याचे उरलेले १६६ तास

प्रश्न : ताई, मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आमच्या इमारतीत गेल्या वर्षी एक कुटुंब राहायला आलं. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. फारसा बोलत नाही, जिन्यातला दिवा चालू-बंद करत उभा राहतो, कुणी मोठ्याने हाक मारली की कानांवर हात ठेवतो. आई त्याला आठवड्यातून दोनदा थेरपीला नेते. परवा ती माझ्याकडे चहाला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "थेरपी हवीच, पण मी तग धरून आहे ती आमच्या पालकगटामुळे." मला नवल वाटलं. ज्यांच्या स्वतःच्या घरी हाच प्रश्न आहे, ते एकमेकांना काय आधार देणार? असे गट, असे प्रकल्प नेमकं करतात काय? तज्ज्ञ नसलेल्या माणसांचा अशा कामात खरंच उपयोग होतो का? आणि माझ्यासारखीने काय करावं?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : बाई, आधी एक साधा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. तुमच्या शेजारचा मुलगा दोनदा थेरपीला जातो, म्हणजे दोन तास धरा. उरले १६६. या तासांत तो जेवतो, झोपतो, रिक्षात बसतो, वाण्याच्या दुकानात उभा राहतो, घरी आलेल्या पाहुण्यांना सामोरा जातो. थेरपीत शिकलेलं अंगी मुरायचं ते या तासांत, आणि आईवडिलांचा जीव मेटाकुटीला येतो तोही याच तासांत. पालकगट, घरी येऊन शिकवणारे कार्यकर्ते, खेळाचे रविवार, मोठ्या झालेल्या मुलांसाठी कामाच्या जागा, हे सारं या १६६ तासांसाठी उभं राहिलेलं काम आहे. तुमची शेजारीण म्हणाली ते अगदी खरं आहे. ती दोन तासांना कमी लेखत नाही. उरलेल्या तासांत तिला कोण भेटलं, ते सांगते आहे.

'स्वमग्न' हा शब्द आपल्याकडे रुळला आहे, पण तो थोडी दिशाभूल करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल आपल्यातच रमलेलं आहे, त्याला इतरांची गरज नाही. तसं नसतं. या मुलांनाही माणसं हवी असतात, फक्त माणसांपर्यंत यायची त्यांची वाट वेगळी असते. मेंदूची घडणच निराळी असल्यामुळे बोलणं, समोरच्याचे भाव ओळखणं, ऐनवेळी बदललेला बेत पचवणं त्यांना जड जातं. कुकरची शिट्टी, मानेला टोचणारं शर्टाचं लेबल, ट्यूबलाइटची गुणगुण अशा आपल्या ध्यानीमनीही नसलेल्या गोष्टी कुणाला असह्य होतात. कुणी आयुष्यभर बोलत नाही, तर कुणी इंजिनीअर होतं, म्हणूनच तज्ज्ञ 'स्पेक्ट्रम' हा शब्द वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे १ जण स्वमग्न होता. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तेव्हा तुमच्या वर्गातही असं एखादं मूल येऊन गेलं असणार. फक्त त्याच्या वेगळेपणाला तेव्हा आपल्याकडे नाव नव्हतं.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण तुमच्या इमारतीत ती कुजबुजली जात असेल. हे मोबाइल दिल्यामुळे झालेलं नाही, आई नोकरी करते म्हणून झालेलं नाही आणि लसीमुळेही झालेलं नाही. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. कारणांमध्ये मोठा वाटा अनुवंशिकतेचा आहे. घरच्यांच्या वागण्यातून स्वमग्नता येत नाही.

पालकच पुढे का आले?

दोष आईच्या माथी मारायची सवय जुनी आहे, आणि पालकगटांचा जन्म त्या सवयीशी झगडताना झालेला आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं सविस्तर वर्णन केलं आणि या अवस्थेला वेगळी ओळख मिळाली. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं आयांसाठी फार वाईट गेली. आईने माया लावली नाही म्हणून मूल मिटून गेलं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत. अशा आईला 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणत, म्हणजे बर्फासारखी थंड आई. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर १९६७ साली पुस्तक लिहून हेच मत पसरवलं. आईने मूल घेऊन मदतीला जावं आणि दोष पदरात घेऊन परत यावं, अशी तिची गत होती.

याला उत्तर दिलं ते पालकांनीच. १९६२ साली लंडनमध्ये काही पालक एकत्र आले आणि त्यांनी संस्था काढली. तीच आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी. त्यांच्यातल्या लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञही होत्या आणि स्वमग्न मुलीची आईही. 'स्पेक्ट्रम' ही कल्पना रुजवण्यात पुढे त्यांचा मोठा वाटा राहिला. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली पुस्तक लिहून आईला दोषी ठरवणारं मत मुद्देसूद खोडून काढलं. तेही स्वमग्न मुलाचे वडील. पुढच्याच वर्षी त्यांनी इतर पालकांना बरोबर घेऊन तिथली राष्ट्रीय संघटना उभी केली.

आपल्या देशातही असंच झालं. १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. तेव्हा आपल्याकडे अशा मुलांवर बहुतेक 'मतिमंद' असा शिक्का बसायचा आणि विषय तिथेच संपायचा. या संस्थेचा एक उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. देशभरातले पालक मुलाला घेऊन १२ आठवडे दिल्लीला जातात आणि तिथे शिक्षण मिळतं ते मुलाबरोबर पालकालाही. मूल उद्या घरी जाणार आहे आणि त्याच्याबरोबर घरी जाणार आहेत ते आईवडील, तेव्हा शिकवायचं त्यांनाच, हा त्यामागचा विचार. १६६ तासांचा हिशेब त्यांनी कधीच मांडून ठेवला होता.

कायद्यापर्यंत पोचायलाही पालकांना बरीच वर्षं लागली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचा उल्लेख आला. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला, त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेला स्वतंत्र जागा मिळाली. या वाटेवर पालकांच्या संघटनांनी केलेला पाठपुरावा फार चिवट होता. मुंबईत 'फोरम फॉर ऑटिझम' हा पालकांचा गट आहे, पुण्यात पालकांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' आहे. २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी मुंबईत सुरू केलेली 'उम्मीद' ही संस्था मुलांवर उपचार करतेच, शिवाय वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही तयार करते.

गटात नेमकं घडतं काय?

काही वर्षांपूर्वी मी एका पालकगटाच्या रविवारच्या बैठकीला जाऊन बसले होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे बोललेलं तिथेच ठेवायचं हा त्यांचा पहिला नियम आहे. जागा म्हणजे शाळेचा एक वर्ग. शेजारच्या वर्गात गाद्या टाकलेल्या, दोन-तीन मोठे चेंडू, एका कोपऱ्यात पडदा लावून केलेली शांत जागा, आणि मुलांबरोबर कॉलेजची चार पोरं-पोरी. चहाच्या वेळी एक मुलगा आमच्या वर्गात आला. त्याने टेबलावरचे बिस्किटांचे सगळे पुडे उचलले आणि खिडकीच्या कट्ट्यावर एका रेषेत मांडले. एक पुडा जरा तिरका झाला, तो सरळ केला. मग लांब उभा राहून पाहिलं आणि निघून गेला. बोलणं कुणी थांबवलं नाही. कुणी "अरे, अरे" केलं नाही. एका बाबांनी उठून रांगेतला शेवटचा पुडा घेतला, बाकीची रांग तशीच राहू दिली. त्या मुलाची आई माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "बाहेर कुठेही गेले तरी माझा अर्धा वेळ सॉरी म्हणण्यात जातो. इथे म्हणावं लागत नाही."

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं. उरलेलं अर्धं पुढच्या तासाभरात मिळालं.

एका आईने विषय काढला केस कापण्याचा. मुलगा आठ वर्षांचा. खुर्चीवर बसवलं की किंचाळतो, तिघांनी धरून ठेवावं लागतं, म्हणून ती रात्री तो झोपल्यावर कात्रीने जमेल तेवढे केस कापते. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही तिला "सवय होईल हळूहळू" असं म्हटलं नाही. एका वडिलांनी वही उघडली आणि आपण काय केलं ते पायरीपायरीने सांगितलं. गर्दी नसेल अशी दुपारची वेळ सलूनवाल्याकडून मागून घेतली. पहिल्या दिवशी नुसतं दारापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. दुसऱ्या खेपेला खुर्चीवर बसायचं, पंखा आणि टीव्ही बंद. मग फक्त कंगवा. मशिनची घरघर त्याला सोसत नाही, तेव्हा मशिन नाहीच, कात्री. अंगावरचं कापड मानेला टोचतं, म्हणून घरचा जुना टॉवेल. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढून घरी रोज दाखवायचा, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. पाचव्या खेपेला केस कापून झाले. "वेळ लागला," ते म्हणाले, "पण धरावं लागलं नाही." त्या आईने सगळं लिहून घेतलं, आणि शेवटी सलूनवाल्याचा नंबरही.

बाई, अशी माहिती पुस्तकात मिळत नाही, आणि तज्ज्ञालाही गावातला प्रत्येक सलूनवाला माहीत नसतो. ती मिळते या वाटेने आपल्याआधी गेलेल्या माणसाकडून. कोणता दंतवैद्य घाई करत नाही, कोणत्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्रवेश देताना कपाळाला आठ्या घालत नाहीत, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला जिल्हा रुग्णालयात कोणते कागद लागतात, यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज कसा भरायचा, राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमासंरक्षण कसं मिळवायचं. गटातली जुनी जाणती माणसं हे सगळं नव्याने आलेल्यांना हातोहात देतात. स्टेम सेलच्या किंवा कसल्या तरी काढ्याच्या नावाने "मूल पूर्ण बरं करतो" म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावधही तीच करतात. स्वमग्नता मुळासकट घालवणारं औषध नाही. हे परक्याने सांगितलं तर मन मोडतं. पण जिने स्वतः ती आशा धरून पैसे घालवले, ती सांगते तेव्हा ते पटतं आणि सोसवतंही.

तुम्ही विचारलंत, ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे ते काय आधार देणार? माझं उत्तर असं की, त्यांच्याही घरी हाच प्रश्न आहे, म्हणूनच ते आधार देऊ शकतात. गोव्यातल्या कुटुंबांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक क्रम वारंवार दिसला. सुरुवातीला कुटुंब समाजातून अंग काढून घेतं. लग्नाला जात नाही, नातेवाइकांकडे जात नाही, कुणाला घरी बोलावत नाही. नंतर कधीतरी हळूहळू पुन्हा माणसांत येतं. ही मधली एकटेपणाची वर्षं कमी करणं, हे पालकगटाचं सगळ्यात मोठं काम आहे.

तज्ज्ञ नसलेल्यांचा उपयोग होतो का?

तुमच्या या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरापासून फार लांब नाही. गोव्यात १९९६ साली सुरू झालेली 'संगथ' ही संस्था आहे. आपल्याकडे तज्ज्ञ इतके थोडे असताना सर्वसामान्य माणसांना शिकवून मानसिक आरोग्याची कामं त्यांच्या हातून कशी करून घेता येतील, याचा ही संस्था पहिल्यापासून अभ्यास करत आली आहे. ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत तयार केली होती. तिथे ती तज्ज्ञ थेरपिस्ट वापरत. हीच पद्धत इथल्या घरांना साजेल अशी करून, थेरपिस्ट नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या हातून देता येईल का, हे पाहायचं ठरलं. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी या दोन ठिकाणी मिळून २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांची कुटुंबं त्यात सहभागी झाली. कुणाला नवी पद्धत मिळणार आणि कुणाला नेहमीचे उपचार, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. सहा महिन्यांत १२ भेटी. निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'मध्ये प्रसिद्ध झाले.

ही भेट कशी चालते ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आई आणि मूल नेहमीसारखं खेळतात आणि त्यांच्या खेळण्याचं थोडा वेळ चित्रीकरण होतं. मग कार्यकर्ती आणि आई शेजारी बसून ते पाहतात. समजा, मूल खेळण्यातली गाडी उलटी धरून तिचं चाक फिरवतं आहे. चित्रफितीत आईचा आवाज ऐकू येतो, "हे काय आहे? गाडी आहे ना? कुठला रंग? लाल म्हण. इकडे बघ, इकडे बघ ना." मूल आणखी पाठ फिरवतं. पण तीच आई मध्येच दमून गप्प होते आणि नुसती त्या चाकाकडे बघते. तिच्या तोंडून सहज निघतं, "गोल गोल." आणि मूल वर बघतं. क्षणभरच. प्रत्यक्ष खेळताना आईला ते दिसलेलंही नसतं. कार्यकर्ती चित्रफीत तिथे थांबवते आणि विचारते, "इथे तुम्ही काय केलंत?" चूक दाखवायची नाही, जमलेला क्षण दाखवायचा. पुढचे पंधरा दिवस आई रोज घरी तेवढंच करते. मूल जिकडे बघतं तिकडे आपणही बघायचं, प्रश्न कमी करायचे, थांबायचं, आणि मुलाने केलेल्या अगदी बारीक खुणेलाही उत्तर द्यायचं.

या अभ्यासात दोन गोष्टी ठळक दिसल्या. आईवडील मुलाच्या कलाने घेऊ लागले, आणि मुलं आपण होऊन आईवडिलांशी संवाद सुरू करू लागली. मूल आणि पालक दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी झाला, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. यातून कुणी बरं झालं असा दावा त्यांनी केला नाही. पण नीट शिकवलं आणि पाठीशी मार्गदर्शक असले तर पदवीधर कार्यकर्ता हे काम करू शकतो, हे यातून दिसलं. 'नीट शिकवलं' आणि 'पाठीशी मार्गदर्शक असले' हे शब्द मात्र विसरून चालणार नाही. नुसत्या चांगल्या मनाच्या भरवशावर मुलांवर प्रयोग करायचे नसतात.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बेटेलहाइम यांच्या काळात तज्ज्ञ आईकडे बघायचा तो दोष शोधण्यासाठी. गोव्यातल्या त्या घरात आईकडे बघितलं गेलं ते तिला जमलेलं शोधण्यासाठी. डोळे तेच, नजर बदलली, आणि नजर बदलल्यावर आईच्या हाती काहीतरी लागलं.

सरकारी वाटही असते, ती तुमच्या शेजारणीला ठाऊक नसेल तर जरूर सांगा. २०१३ साली पालघर इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते. विकासात अडचण दिसली तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय त्यात आहे. स्वमग्नताही त्यात धरलेली आहे.

अठरा वर्षांनंतर

लहान मुलांच्या आया गटात येतात तेव्हा त्यांचा प्रश्न असतो, "हा बोलेल कधी?" मोठ्या मुलांच्या आया विचारतात, "आमच्या माघारी याचं कसं होणार?" शाळा संपली की बहुतेकांचा दिवस एकदम रिकामा होतो. आठवड्याला असलेले थेरपीचे दोन तासही तेव्हा उरलेले नसतात.

मुंबईत यश चॅरिटेबल ट्रस्टने या रिकाम्या दिवसाला हात घातला. आधी डबे पोचवण्याचं काम सुरू केलं आणि २०१८ साली जुहूला 'कॅफे अर्पण' उघडलं. ते उभं करणाऱ्यांत सुषमा नगरकर आहेत. त्या स्वतः स्वमग्न मुलीची आई आहेत. स्वमग्न आणि इतर विकासात्मक दिव्यांगत्व असलेले प्रौढ तिथे पदार्थ बनवतात, वाढतात, गिऱ्हाइकाशी बोलतात, पगार घेतात. अशा जागी कामाचे बारीक बारीक तुकडे पाडलेले असतात. कांदा कुठवर चिरायचा, मग काय करायचं, मग कुणाकडे द्यायचं, हे चित्रांतून किंवा लेखी समोर असतं. ज्याला तोचतोचपणाचा कंटाळा येत नाही, त्याच्या हातून रोज तसंच नेटकं काम होतं. माझ्या मते तिथे सगळ्यात जास्त शिकतं ते गिऱ्हाईक. ऑर्डर यायला दोन मिनिटं जास्त लागली तर काही बिघडत नाही, हे तिथे बसलेल्या माणसाला कळतं, आणि तो ते आपल्या घरी, आपल्या कचेरीत घेऊन जातो.

कायद्याचा आधारही पालकांनी वेळेवर घ्यायला हवा. गरज असेल तिथे अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीची तरतूद आहे. २०१६ च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार अशा गटांसाठी मिळून आहे. पण आईवडिलांनंतर राहायचं कुठे, या प्रश्नाला आपल्याकडच्या सोयी अजून फार तोकड्या पडतात. पालक एकत्र येऊन घरं उभी करायला धडपडतात ती त्यामुळेच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न

१९९३ साली जिम सिंक्लेअर या अमेरिकन स्वमग्न व्यक्तीने पालकांना उद्देशून सांगितलं होतं की, आमच्यासाठी शोक करू नका. तुम्हाला जे मूल हवं होतं ते मिळालं नाही याचं दुःख तुमचं आहे, त्याचा भार समोर असलेल्या मुलावर टाकू नका. हे ऐकताना मन दुखावतं, पण मला ते पटतं. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत आणि समाजशास्त्रज्ञ आहेत. २०१२ साली त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. स्वमग्न माणसाला आपण कळत नाही, हे आपण नेहमी म्हणतो. पण तोही आपल्याला कळत नाही. अडचण दोन्ही बाजूंना आहे, मग शिकायचं एकट्याच मुलाने का?

त्यामुळे बाई, तुमच्यासारख्यांची बाजूही शिकणाऱ्याची आहे, आणि तुम्ही तर जन्मभर शिकवलेलं आहे. उपाय सुचवू नका, "माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत" असं म्हणू नका. ती आई दिवसातून चार वेळा ते ऐकते. "किती सोसतेस ग" असंही मुलासमोर म्हणू नका. तो बोलत नसला तरी ऐकतो. त्यापेक्षा तिला विचारा, "त्याला काय आवडतं? काय सोसत नाही?" मग ते इमारतीतल्या इतरांना सांगा. कुडाळात गणपतीत घरोघर आरत्या होतात. तुमच्याकडच्या आरतीला त्यांना बोलवा, पण आधी सांगून ठेवा की झांजा वाजायच्या आधी येऊन गेलात तरी चालेल, दारात उभे राहिलात तरी चालेल, मध्येच निघालात तरी चालेल. आमंत्रणात अशी मोकळीक दिली म्हणजे ते खरंच येऊ शकतात. जिन्यात त्याने घर डोक्यावर घेतलं आणि आई त्याला कवटाळून बसली असेल, तर भोवती गर्दी करू नका, प्रश्न विचारू नका. बघ्यांना बाजूला काढा, दिवा कमी करा, पाण्याचा तांब्या ठेवा आणि दोन पायऱ्या खाली जाऊन थांबा.

आणि जमलं तर आठवड्यातला अर्धा तास त्याच्यासाठी राखून ठेवा. आधी आईला विचारा, पहिले काही दिवस तिच्यासमोरच करा. तो जिन्यात दिव्यापाशी उभा असेल तेव्हा त्याच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहा. नाव विचारू नका, हात धरू नका. तो दिवा लावेल, तेव्हा तुम्ही हळूच म्हणा, "लागला." तो बंद करेल, तेव्हा म्हणा, "गेला." एवढंच, आणि मग थांबा. पहिल्या दिवशी तो तुमच्याकडे बघणारही नाही. दहाव्या दिवशीही कदाचित नाही बघणार. पण एखाद्या दिवशी तो बटणावर बोट ठेवून थांबेल, तुमच्या "लागला"ची वाट बघेल. तेव्हा घाई न करता तुमचा शब्द बोला.

त्या अर्ध्या तासात त्याची आई आत स्वयंपाकघरात बसून, कित्येक दिवसांनी, आपला चहा गरम असताना पिऊ शकेल.